गर्भपिशवीच्या कॅन्सरनंतरचे ‘खालचे’ व्यायाम: आधी सोडायला शिका, मग आवळायला

माझा घरगुती कांदा-लसूण मसाल्याचा धंदा आहे. मिरची भाजायला घेतली की ठसका लागणार, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. कॅन्सरचं ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) संपून चार महिने झाले होते. पहिलीच ऑर्डर घेतली, कढईत संकेश्वरी मिरची टाकली, ठसका लागला, लघवी सुटली आणि साडी भिजली. गॅस बंद केला आणि मोरीत जाऊन बसले. रडू नाही आलं, राग आला. सात महिने दवाखान्याच्या चकरा मारल्या, इतक्या जणांनी तपासलं, पण असं होऊ शकतं हे एकानंही सांगितलं नव्हतं.

मला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. गर्भपिशवी काढली, बाजूच्या गाठी (लिम्फ नोड) काढल्या, मग 25 वेळा बाहेरून शेक आणि नंतर योनीतून दिलेला आतला शेक. ज्यांचं गर्भाशयाच्या अस्तराचं, अंडाशयाचं किंवा योनीच्या भागातलं काही निघालं असेल, त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. मी डॉक्टर नाही. मी चुकत चुकत गेले, तो रस्ता तुम्हाला सरळ सापडावा एवढ्यासाठी लिहिते आहे.

1. नेमकं काय बिघडलंय ते समजून घ्या

पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक विण असते. डॉक्टर तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. जुन्या घरातली सुंभाची बाज आठवा. लघवीची पिशवी, गर्भपिशवी, गुदाशय हे सगळं त्या बाजेवर टेकलेलं असतं, आणि लघवी, शी धरून ठेवायचं कामही तीच करते.

आता बाज दोन तऱ्हेनं बिघडते. सुंभ ढिलं पडलं की मधे खड्डा होतो. आणि सुंभ भिजून, वाळून ताठ झालं की बाज टणक होते, बसलं की टोचते. ऑपरेशननं, वयानं, बाळंतपणांनी पहिली तऱ्हा होते. शेक घेतल्यावर, आणि भीतीनं महिनोन्‌महिने अंग आवळून धरल्यावर, दुसरी. एकाच बाईत दोन्हीही असतात, हे मला फार उशिरा कळलं.

बायका ज्या तक्रारी सांगतात त्या साधारण अशा:

- खोकताना, शिंकताना, उठताना लघवी सुटते.
- लघवीची कळ आली की मोरीपर्यंत पोचायला वेळ मिळत नाही.
- लघवी लागल्याचं कळतच नाही, किंवा झाल्यावरही पोट भरल्यासारखं वाटतं. गर्भपिशवीचं मोठं ऑपरेशन झालं असेल तर मूत्राशयाच्या नसांना धक्का लागलेला असू शकतो, म्हणून असं होतं.
- वारा किंवा शी धरवत नाही.
- खाली आखडल्यासारखं वाटतं, तपासणीला आणि संबंधाला दुखतं.
- खाली जड वाटतं, अंग बाहेर येतंय असं वाटतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात राधानगरीकडची एक अक्का माझ्या शेजारी बसायची. ती म्हणाली, “लाईट संपली न् खालचं सगळं आखाडल्यागत झालंय बघा, कुणाला सांगू?” (लाईट म्हणजे शेकच.) तिनं जे एका वाक्यात सांगितलं ते मला चार महिने धड सांगता आलं नव्हतं. डॉक्टरांसमोर हेच शब्द वापरा. ‘आखडलंय’, ‘सुटतं’, ‘कळत नाही’. शुद्ध बोलायच्या नादात आपण गप्प बसतो.

2. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांची परवानगी

हे टाळू नका. पुढच्या तपासणीला एका कागदावर लिहून न्या आणि विचारा: आतले टाके भरलेत का? व्यायाम कधीपासून करू? किती वजन उचलू? शेकामुळे कमरेची हाडं ठिसूळ झाल्याची शंका आहे का? लघवी पूर्ण होते का, हे सोनोग्राफीवर बघायचं का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली हे पोटावरून सोनोग्राफी करून कळतं. ती बरीच उरत असेल तर नुसतं आवळून काही होत नाही, तिथे उपचार वेगळा आहे. लघवीची नळी घालून घरी पाठवलं असेल तर नळी निघेपर्यंत आवळायचे व्यायाम करायचे नाहीत.

ऑपरेशननंतरचे पहिले सहा आठवडे मला फक्त तीन गोष्टी करायला सांगितल्या होत्या: पोटातून सावकाश श्वास, पडल्या पडल्या पायाची पावलं वर-खाली, आणि घरातल्या घरात चालणं. भरलेली कळशी नाही, पिठाचा डबा नाही, नातवंड कडेवर नाही. आपल्याकडे सव्वा महिना झाला की बाई मोरीत धुणं धूत बसते, ते करू नका.

3. फाईल नीट लावा

फिजिओथेरपिस्टकडे हात हलवत गेलात तर पहिली भेट विचारपूस करण्यातच जाते. माझी तशीच गेली. एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये या क्रमानं लावा:

- डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोट. गाठी काढल्या का, अंडाशय ठेवलं का, हे त्यात असतं.
- गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट.
- शेकाची समरी. माझ्यात ‘45 ग्रे, 25 फ्रॅक्शन’ (म्हणजे किरणांचं एकूण माप आणि किती वेळा दिले ते) आणि आतल्या शेकाचे दिवस लिहिले होते. ही समरी अनेकींना मिळालेलीच नसते. शेवटच्या दिवशी मागून घ्या, नाहीतर नंतर रेकॉर्ड विभागात अर्ज करत बसावं लागतं.
- शेवटचं स्कॅन आणि लघवीची तपासणी.
- चालू गोळ्यांची चिठ्ठी. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, म्हणून तीही सांगायची.
- डॉक्टरांची ‘फिजिओथेरपीला हरकत नाही’ अशी दोन ओळींची चिठ्ठी.

ऑपरेशन महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं असेल तर रेशन कार्ड आणि आधार जवळ असेलच. फिजिओथेरपीचा खर्च त्यात बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. नंतर बिलाच्या खिडकीवर वाद घालून काही मिळत नाही.

4. तीन दिवसांची वही

लागणारं सामान: एक वही, मिलीच्या खुणा असलेला प्लॅस्टिकचा जुना जग, आणि लघवीसाठी पट्टी (पॅड) लागत असेल तर छोटा डिजिटल काटा.

तीन दिवस, चोवीस तास, चार रकाने भरायचे. किती वाजता काय प्यायलं आणि किती. किती वाजता लघवी झाली आणि किती मिली. सुटली का, काय करताना. कळ किती जोरात होती. लग्नाकार्याचे दिवस धरू नका, रोजचे साधे दिवस धरा.

पट्टीचं असं: कोरी पट्टी काट्यावर ठेवून वजन लिहायचं, वापरलेली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वजन करायचं, आणि पिशवीचं व कोऱ्या पट्टीचं वजन वजा करायचं. 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिली. दिवसभराच्या सगळ्या पट्ट्यांची बेरीज. माझी पहिली बेरीज 64 ग्रॅम आली. (मसाल्याचा काटा नव्हे, हे काम वेगळ्या काट्यावर केलं. गिऱ्हाइकं वाचत असतील म्हणून सांगते.)

कागदावर आलं की गोष्टी उलगडतात. मी दिवसात सात कप चहा पीत होते आणि पाणी जेमतेम चार पेले, लघवी सुटेल या भीतीनं. लघवी सात-आठ वेळा होणं ठीक, माझी चौदा वेळा होत होती आणि दर वेळी 80-90 मिली. पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला झोंबते आणि कळ जास्त येते. म्हणजे मी ज्याला उपाय समजत होते तोच आजार वाढवत होता.

5. कोल्हापुरात योग्य माणूस शोधणं

गुडघे, मानेसाठी फिजिओथेरपिस्ट राजारामपुरीत, शाहूपुरीत पावलोपावली आहेत. पेल्विक फ्लोअरचं काम करणाऱ्या मोजक्या. फोनवरच तीन गोष्टी विचारा: स्त्रियांच्या पेल्विक फ्लोअरचं काम तुम्ही स्वतः करता का? शेक घेतलेल्या पेशंट बघितल्या आहेत का? आत हात घालून तपासायची वेळ आली तर तपासणारी बाई असेल का? पदवी आणि महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी भिंतीवर असते, ती बघायला संकोच करू नका.

तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना, दोघांनाही नाव विचारा. एकाला माहीत नसलं तर दुसऱ्याला असतं. फिजिओथेरपी कॉलेजला जोडलेल्या ओपीडीतही चौकशी करा. गारगोटी, गडहिंग्लज, शाहूवाडीकडून येणाऱ्यांनी पहिल्या दोन भेटी प्रत्यक्ष घ्याव्यात आणि पुढच्या मधल्या भेटी व्हिडिओ कॉलवर होतील का ते ठरवून घ्यावं. खड्ड्यांतून दोन तास एसटीनं येऊन पुन्हा ओटीपोट दुखवून घेण्यात अर्थ नाही.

दोन खड्डे इथेच सांगते. मी आधी ज्या दवाखान्यात गेले तिथे “पन्नाशीनंतर होणारच, पट्टी वापरा” असं सांगून पाच मिनिटांत बाहेर काढलं. असं कुणी म्हटलं तर दुसरीकडे जा. दुसरं, स्नायूंना विजेचे हलके झटके देणारं ‘करंट’चं मशीन. कॅन्सर झालेल्या भागाजवळ करंट लावायचा असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणालाही लावू देऊ नका, आणि ऑनलाईन मिळणारे पट्टे तर घेऊच नका.

6. पहिली तपासणी, आणि माझी मोठी चूक

मिरचीच्या त्या दिवसानंतर मी मोबाईलवर ‘केगल’ शोधलं. एका व्हिडिओत सांगितलं, आवळा, जितकं जास्त तितकं चांगलं. मी भाजी निवडताना, टीव्ही बघताना, झोपताना आवळत राहिले. दिवसाला दोनशे. सहा आठवड्यांत लघवी सुटणं कमी झालं नाहीच, वर खाली ठणका लागला आणि लघवीची धार अडखळायला लागली.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी वही बघितली आणि विचारलं, “काकू, दिवसाला किती आवळता?”

“दोनशे.”

“आणि सोडता किती?”

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी तपासलं तेव्हा कळलं की माझे स्नायू चोवीस तास अर्धे आवळलेलेच होते. मूठ आधीच वळलेली असेल तर आणखी काय वळणार? ठसका आला की त्यांच्याकडे द्यायला जोरच शिल्लक नव्हता.

हे अरनॉल्ड केगल अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी 1948 मध्ये हे व्यायाम मांडले तेव्हा आतला दाब मोजायचं यंत्रही सोबत वापरलं होतं. बाई बरोबर आवळते आहे का, हे बघून मग शिकवायचं, अशी मुळातली रीत. मोबाईलवर आपल्यापर्यंत नुसतं आवळणं पोचलं आणि तपासणं मधेच कुठेतरी गळालं.

तपासणीत काय होतं? आधी बराच वेळ बोलणं. मग पोट, टाके, कंबर, मांड्या. मग तुमची परवानगी घेऊन हातमोजा आणि जेल लावून एक बोट आत, स्नायू किती जोर लावतो आणि किती सैल होतो ते बघायला. दुखलं तर ‘थांबा’ म्हणायचं, त्या थांबतात. नको असेल तर नको म्हणता येतं, बाहेरून बघून किंवा पोटावरच्या सोनोग्राफीवरही बराच अंदाज येतो. माझ्यासोबत माझी धाकटी जाऊ होती, पडद्याच्या अलीकडे. तेवढ्यानं धीर येतो.

7. सोडायला शिका

ढिलं असो की आखडलेलं, सुरुवात इथूनच करा. माझे पहिले तीन आठवडे यातच गेले.

जमिनीवर चटई, डोक्याखाली पातळ उशी, पोटऱ्या खुर्चीवर. एक हात छातीवर, एक बेंबीखाली. नाकानं श्वास घ्या, खालचा हात वर यायला हवा, वरचा जवळपास स्थिर. श्वास आत जाताना खालची बाज सैल होऊन किंचित खाली जाते. श्वास सोडताना आपोआप वर येते. काहीही आवळायचं नाही, फक्त लक्ष ठेवायचं. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. पहिल्या आठवड्यात मला काहीही कळलं नाही. आठव्या-नवव्या दिवशी अचानक कळलं, बसमधे गर्दीत धरून ठेवलेली पिशवी खाली ठेवल्यासारखं.

त्यानंतर बालासन (गुडघ्यांत अंतर ठेवून, छातीखाली लोड घेऊन) आणि भिंतीला टेकून बद्धकोनासन (तळपाय एकमेकांना जुळवून बसणं), गुडघ्यांखाली उशा. ताण जाणवावा, दुखू नये. शेकाच्या जागी कातडी ओढल्यासारखी वाटते, तिथे घाई नको.

योगवर्गाला जात असाल तर शिक्षिकेला सांगून ठेवा. मूलबंध आणि अश्विनी मुद्रेत हेच स्नायू लागतात, पण श्वास रोखून लांब धरून ठेवणं आखडलेल्या बाईला चालत नाही. कपालभातीनं पोटाचा दाब खाली बसतो, तेही परवानगी मिळेपर्यंत बंद. माझे सासरे तालमीतले, त्यांना हे सगळं सांगितलं नव्हतं. पण मी चटईवर श्वास घेताना बघून म्हणाले, “दम कोंडून बैठक मारू नये म्हणतात वस्ताद.” बरोबरच होतं.

8. आता आवळायला शिका

योग्य स्नायू सापडणं हेच अर्धं काम. हाताच्या रुमालाची घट्ट गुंडाळी करा, लाकडी खुर्चीवर लांबीच्या दिशेनं ठेवा आणि तिच्यावर बसा, म्हणजे पुढच्यापासून मागच्यापर्यंत ती टेकेल. आता वारा अडवल्यासारखं मागून सुरू करा आणि लघवी अडवल्यासारखं पुढे आणा, आणि रुमालापासून आत-वर उचला. रुमालावरचा भार हलका झाल्यासारखा वाटला तर बरोबर. रुमालावर दाब वाढला तर तुम्ही कुंथताय, थांबा.

आरशातही बघता येतं. बाहेरचा भाग आत ओढला गेला पाहिजे, फुगता कामा नये.

चुकीच्या खुणा: ढुंगण आवळलं जातं, मांड्या जवळ येतात, पोट कडक होतं, श्वास अडतो, भुवया वर जातात. शेवटचं विनोदानं नाही लिहिलं, माझ्या जातातच.

मला दिलेलं वेळापत्रक असं होतं. तुमचं वेगळं असेल, तपासणीवरून ठरतं.

- सावकाश: श्वास सोडत आवळा, 3 सेकंद धरा, मग 6 सेकंद पूर्ण सोडा. 8 वेळा. दिवसातून तीनदा.
- झटपट: आवळा-सोडा, 8 ते 10 वेळा. प्रत्येक वेळी पूर्ण सुटलं की मगच पुढचं.
- दर आठवड्याला एखाद सेकंद वाढवत 10 सेकंदांपर्यंत.
- आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून. झोपून जमलं म्हणून दुसऱ्याच दिवशी उभं राहू नका.

दमलेला स्नायू सांगतो. सहाव्या वेळी धरवेना तर पाचवर थांबा आणि वहीत 5 लिहा.

लघवी चालू असताना मधेच धार अडवून सराव करायचा नाही. जुन्या सल्ल्यात हे फार आहे. त्यानं लघवी पूर्ण होत नाही आणि मूत्राशयाला चुकीची सवय लागते.

निदान तीन महिने तरी नेटानं करावं लागतं. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून बायका सोडतात. वहीतला आकडा बघा, मनातला नको.

9. कामात वापरा

चटईवर जमलं ते कढईसमोर जमायला हवं. युक्ती साधी आहे: ठसका, शिंक, उचलणं, उठणं, यांच्या आधी क्षणभर आवळायचं, आणि झालं की सोडायचं. खोकला संपल्यावर आवळून उपयोग नाही. मी आधी खोटं खोटं खोकून सराव केला, मग मिरचीची धग दुरून घेऊन. घरच्यांना वेड लागलंय वाटलं.

अचानक कळ आली तर मोरीकडे पळायचं नाही. पळताना हमखास सुटतं. जागेवर थांबा, जमलं तर बसा, पाच-सहा झटपट आवळा-सोडा करा, कळ ओसरली की चालत जा. मग दोन लघव्यांमधलं अंतर दर आठवड्याला 15 मिनिटांनी वाढवा. याउलट ज्यांना लघवी लागल्याचं कळतच नाही, त्यांनी घड्याळ लावून दर तीन-चार तासांनी जायचं. त्यांनी अंतर वाढवायचं नाही. या दोन गोष्टी एकमेकींच्या अगदी उलट आहेत, म्हणून मैत्रिणीचा सल्ला आपल्याला लागू होईलच असं नाही.

पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर, झोपेआधी दोन तास कमी. चहा मी सातावरून दोनावर आणला. तांबडा रस्सा सोडा असं मी कोल्हापुरात कुणाला सांगणार नाही, पण ज्या दिवशी खाल्ला त्या दिवशी वहीत खूण करा, तुमचं तुम्हालाच दिसेल.

बद्धकोष्ठ असेल तर बाकी सगळं वाया जातं. कुंथलं की बाज खाली ढकलली जाते. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसता येत असेल तर उत्तम. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या, कोपरं गुडघ्यांवर टेका, तोंड उघडं ठेवून श्वास सोडा. शेकामुळे जुलाब होत असतील तर मात्र कोंड्याची भाकरी, उसळी वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

10. डायलेटर: ज्याबद्दल कुणी बोलत नाही

शेकानंतर योनीचा मार्ग आकसतो, कोरडा होतो, आतल्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात. ते होऊ नये म्हणून गुळगुळीत नळीसारखं एक साधन मिळतं, लहान ते मोठ्या मापात. त्याला डायलेटर म्हणतात. शेक संपल्यावर किती आठवड्यांनी सुरू करायचं ते डॉक्टर तपासून सांगतात, त्याआधी नाही.

पाठीवर पडून गुडघे वाकवायचे, पाण्यावर आधारलेलं जेल भरपूर लावायचं, श्वास सोडताना सावकाश आत. जोर नाही. पाच ते दहा मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा, सांगतील तितके महिने. नंतर साबणानं धुऊन, कोरडं करून ठेवायचं. थोडा गुलाबी डाग दिसू शकतो. लाल रक्त आलं, दुखणं राहिलं, तर थांबून फोन करा. कोरडेपणासाठी हार्मोनचं मलम कुणाच्या सांगण्यावरून लावू नका, तुमच्या कॅन्सरच्या प्रकाराला ते चालतं का हे डॉक्टरच सांगतील.

‘आता या वयात आम्हाला काय करायचंय’ असं म्हणून बायका हे सोडतात. संबंध हवेत की नकोत हा प्रश्न तुमचा. पण पुढच्या तपासणीला डॉक्टरांना आत नीट बघता आलं पाहिजे. पहिली दोन वर्षं दर तीन-सहा महिन्यांनी तपासणी असते, आणि मार्ग आकसला तर ती दुखते आणि अर्धवट होते. घरात सांगायला हे कारण पुरेसं आहे.

माझा डायलेटरचा डबा कपाटात साड्यांमागे होता. सुनेला सापडला. तिनं विचारलं, मी सांगितलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चेन असलेला कापडी बटवा शिवून माझ्या उशाशी ठेवला होता.

नवऱ्याशी बोलणं राहून जातं. मी एवढंच म्हटलं, “अहो, अजून दुखतं, थोडे दिवस नको.” त्यांना वाटत होतं आपल्यामुळे पुन्हा आजार होईल, म्हणून ते लांब राहत होते. कॅन्सर संबंधातून त्यांना लागत नाही आणि तुम्हाला परत येत नाही, हे डॉक्टरांकडून दोघांनी एकत्र ऐका. माझ्या तोंडून ऐकून त्यांना पटलं नव्हतं.

11. चालणं आणि बाकीची ताकद

नुसती बाज सुधारून भागत नाही, तिच्या चौकटीचाही विचार हवा. रंकाळा तलावावर चालायला मी दहा मिनिटांपासून सुरू केलं आणि हळूहळू आठवड्याला 150 मिनिटांवर आले. पहिले दिवस स्वच्छतागृह कुठे आहे ते हेरूनच चालले, त्यात लाज काय. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पडून कंबर उचलणं (सेतुबंधासन), हे फिजिओथेरपिस्टनी नंतर वाढवले. दोरीवरच्या उड्या, धावणं सध्या नाही, शेकानं हाडं नाजूक होतात.

गाठी काढल्या असतील तर पायाला सूज येऊ शकते. पैंजण किंवा चप्पल एका पायाला घट्ट लागली की टेपनं दोन्ही घोटे मोजा. पावलं वर-खाली, पाय उंचावर, आणि सांगितलेले मोजे. अनवाणी शेतात जाऊ नका, छोटी जखमही त्या पायाला महाग पडते.

वजन: पाच किलोच्या मसाल्याच्या पिशव्या मी आता एक-एक किलोच्या करते. गिऱ्हाईक कुरकुर करतं. करू दे.

12. हे दिसलं तर व्यायाम थांबवा आणि दवाखान्यात फोन करा

- योनीतून नव्यानं रक्त जाणं, दुर्गंधीयुक्त पाणी.
- लघवीत किंवा शीमध्ये रक्त.
- लघवी थांब-थांब न गळता सतत वाहत राहणं, किंवा योनीतून शी-वारा येणं.
- लघवी अजिबात न होणं, पोट तटतटणं.
- एका पोटरीला अचानक सूज आणि दुखणं, किंवा दम लागणं. यात थांबू नका, लगेच निघा.
- ताप, थंडी, लघवीला जळजळ.
- कंबर किंवा जांघेत नवं दुखणं, चालताना वाढणारं.

यातलं काही ‘व्यायामानं झालं असेल’ म्हणून अंगावर काढू नका.

बारा आठवड्यांनी मी पुन्हा पट्ट्यांचं वजन केलं: 21 ग्रॅम. सहा महिन्यांनी 7. शून्य नाही. फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलं, शेक घेतलेल्या स्नायूंना एवढंही पुष्कळ आहे, आता रोज तीनदा नको, एकदा करा, पण बंद करू नका. गेल्या मे महिन्यात चाळीस किलोची ऑर्डर होती. ठसक्याच्या आधी आवळायचं मला आता न सांगता जमतं. तरी मिरची भाजायला मी जाऊबाईंना बसवलं, कांदा-खोबरं मी तळलं, आणि डंकावर पोती उचलून न्यायला मुलाला पाठवलं.